हिरड्यांचे उपचार आणि आईची साखर : संशोधन नक्की काय सांगतं?

रानजाई (धागाकर्ती)

आईला मधुमेह होऊन बरीच वर्षं झाली. अलीकडे तिचे खालचे पुढचे दोन दात हलायला लागलेत, ब्रश केला की बेसिनमध्ये लाल दिसतं. हिरड्यांच्या तज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी सगळे पॉकेट, म्हणजे दात आणि हिरडी यांच्यामधल्या खोल फटी, मोजले, एक्स-रे पाहिला आणि डीप क्लीनिंग, म्हणजे हिरडीखालची सफाई, सांगितलं. निघताना म्हणाले, "याने साखरसुद्धा थोडी उतरेल."

घरी आल्यावर वादाला तोंड फुटलं. मामाचं म्हणणं, दात साफ करून घेतले की ढिले होतात, आणि साखरेचा नि दातांचा संबंध जोडणं म्हणजे बिल वाढवायचं निमित्त. आई घाबरलीय, ती मामाच्या बाजूने.

मी स्वतः शोधायला बसले तर गोंधळ वाढला. २०१३ साली 'जामा'मध्ये आलेला अमेरिकेतला अभ्यास, ५१४ मधुमेही, हिरड्यांचे उपचार केले आणि सहा महिन्यांनी साखरेत काहीच फरक नाही. फायदा दिसायची शक्यता उरली नाही म्हणून तो मुदतीआधीच थांबवला गेला. आणि २०१८ साली 'लॅन्सेट'च्या मधुमेहाच्या नियतकालिकात आलेला लंडनचा अभ्यास, २६४ मधुमेही, वर्षभराने एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी, टक्क्यांत) ०.६ने कमी. दोन्ही नावाजलेली नियतकालिकं, दोन्हीकडे चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले. मग खरं कोणाचं धरायचं? इथे दातांचे डॉक्टर असतील तर कृपया लिहा. मला आईला नीट समजावून सांगता यायला हवं.

कृष्णाकाठ

वाचतोय. वडिलांचं हेच चाललंय. त्यांच्या मधुमेहाच्या डॉक्टरांनी पाय तपासले, डोळे तपासायला पाठवलं, तोंड मात्र एकदाही उघडायला सांगितलं नाही.

पारिजात

मी हिरड्यांची डॉक्टर आहे, पेरिओडॉन्टिस्ट. रानजाई, तुम्ही अगदी नेमक्या जागी बोट ठेवलंय. हे दोन्ही अभ्यास आम्ही विद्यार्थ्यांना शेजारी शेजारी ठेवून शिकवतो. थोडं लांबेल, पण सविस्तर लिहिते.

"उपचार केले" हे दोन शब्द दोन्हीकडे आहेत, पण त्यांच्यामागे घडलेलं काम सारखं नाही. अमेरिकेतल्या अभ्यासात स्केलिंग आणि रूट प्लॅनिंग (दातांवरचं आणि मुळांवरचं कीटण खरवडून काढणं) झालं, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या गुळण्या दिल्या, तीन आणि सहा महिन्यांनी पुन्हा सफाई झाली. ऐकायला पुरेसं वाटतं. पण उपचारांनंतरचे आकडे पाहिले की कळतं, दातांवरचा जंतूंचा थर बऱ्याच जागी तसाच होता आणि मोजलेल्या जागांपैकी ४० टक्क्यांच्या आसपास जागी प्रोब (फट मोजायची बारीक सळी) लावला की अजून रक्त येत होतं. म्हणजे हिरड्यांची सूज पुरती गेलीच नव्हती. भिंतीतली ओल न काढता वरून रंग मारला आणि पोपडे का धरले म्हणून विचारलं, तसं झालं. सूज उतरल्याने साखर उतरते का, हे तपासायचं तर आधी सूज उतरायला हवी. जगभरातल्या अनेक संशोधकांनी तेव्हा हाच आक्षेप लेखी नोंदवला होता.

लंडनच्या अभ्यासात एका गटाला, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या नियंत्रण गटाला, वरवरची सफाई आणि पॉलिश, तेही तितक्याच वेळा. दुसऱ्या गटाला हिरडीखालची पूर्ण सफाई, ज्यांना गरज होती त्यांच्यावर शस्त्रक्रिया, आणि वर्षभर दर तीन महिन्यांनी देखभाल. बारा महिन्यांनी नियंत्रण गटाची सरासरी एचबीएवनसी ८.३ आणि उपचार गटाची ७.८ होती, सुरुवातीचे फरक हिशेबात धरल्यावर अंतर ०.६.

एकेका अभ्यासावर विसंबू नये म्हणून सगळे एकत्र तोलतात. असे एकत्रित आढावे काढणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा २०२२ चा आढावा आहे, ३५ अभ्यास, ३,२४९ रुग्ण. तीन ते चार महिन्यांत सरासरी ०.४३ची घट. अमेरिकेतला 'फरक नाही'वाला अभ्यासही त्याच हिशेबात आहे, वगळलेला नाही.

म्हणून तुमच्या डॉक्टरांचं वाक्य खरं आहे, आणि त्यातला "थोडी" हा शब्दही खरा आहे. गोळ्या, जेवणाच्या वेळा, चालणं यातलं काहीही सुटत नाही. पण आईचे दात वाचवण्यासाठी हा उपचार तसाही करायचाच आहे. साखर जेवढी उतरेल तेवढी वरकमाई.

तळमजला

डॉक्टर, संबंध नेमका कसा लागतो ते सोप्या शब्दांत सांगाल का? तोंडातली सूज रक्तातल्या साखरेला कशी कळते?

पारिजात

@तळमजला, दात आणि हिरडी यांच्यामध्ये निरोगी माणसातही १ ते ३ मिलिमीटरची फट असते. आजारात ती खोल होते, तिलाच आम्ही पॉकेट म्हणतो. त्याची आतली भिंत सोललेल्या कातडीसारखी उघडी पडलेली असते, आणि बऱ्याच दातांभोवती असं झालं की ती जखम बघता बघता मोठी होते. तिथून जंतू आणि जंतूंचे अंश रक्तात जातात. शरीर इंटरल्युकिन-६, टीएनएफ-अल्फा अशी सूज वाढवणारी द्रव्यं सोडतं. ही द्रव्यं इन्शुलिनच्या कामात अडथळा आणतात. उलट बाजूने, साखर चढी असली की हिरड्यांची सूज जास्त भडकते आणि जखमा भरायला वेळ लागतो. दोन्ही आजार एकमेकांना खतपाणी घालतात.

हे महत्त्वाचं म्हणूनच २०१७ च्या जागतिक कार्यशाळेत ठरलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या वर्गीकरणात आजाराची 'ग्रेड' ठरवताना मधुमेह आणि धूम्रपान दोन्ही धरले जातात. एचबीएवनसी ७ किंवा वर असेल, किंवा दिवसाला दहा किंवा जास्त सिगारेटी असतील, तर थेट ग्रेड सी, म्हणजे झपाट्याने वाढण्याचा धोका असलेला गट.

चिंचपोकळी

रक्त येतं म्हणजे जोरात ब्रश केला जातोय, एवढंच मी इतकी वर्षं समजत होतो. माझ्या सिगारेट ओढणाऱ्या भावाला रक्त येत नाही आणि मला येतं. तो म्हणतो, बघ माझ्या हिरड्या तुझ्यापेक्षा चांगल्या.

पारिजात

@चिंचपोकळी, भावाला लवकर तपासून घ्या. मनापासून सांगतेय. तंबाखू ओढणाऱ्यांत हिरड्यांतून रक्त कमी येतं, आतलं हाड मात्र झिजत राहतं. धोक्याची खूणच झाकली जाते. असे रुग्ण आमच्याकडे दात हलायला लागल्यावरच येतात.

दौतटाक

मी दातांचा नाही, आकड्यांचा माणूस. वैद्यकीय अभ्यासांचं संख्याशास्त्र हे माझं रोजचं काम. धागा चांगला चाललाय म्हणून एक बाजू जोडतो.

हिरड्यांच्या अभ्यासात 'उपचारांनी पॉकेट २ मिलिमीटरने कमी झालं' असं वाचलं की मी आधी नियंत्रण गट पाहतो. रुग्ण निवडताना सगळ्यात खोल पॉकेट असलेले निवडलेले असतात. मोजमापात थोडी चूक कायम असते, त्यामुळे आज जी जागा सर्वांत खोल दिसली ती पुढच्या खेपेला, काहीही न करता, थोडी उथळ दिसायची शक्यता असते. दुसरं, अभ्यासात नाव घातलं, कोणीतरी दर महिन्याला दात बघणार आहे म्हटलं, की माणूस आपोआप नीट ब्रश करायला लागतो. म्हणून नियंत्रण गटही सुधारतो. नियंत्रण गट नसलेला, तीस माणसांचा, तीन महिन्यांचा अभ्यास काहीही सिद्ध करून दाखवू शकतो.

दंतवैद्यकात अभ्यासाची एक वेगळीच पद्धत आहे, 'स्प्लिट माउथ'. एकाच माणसाच्या तोंडाच्या एका बाजूला एक उपचार, दुसऱ्या बाजूला दुसरा. वय, आहार, अनुवंश सगळं आपोआप सारखं, त्यामुळे कमी माणसांत काम भागतं. दोन शस्त्रक्रियांची तुलना असेल तर उत्तम. पण औषधी जेलची तुलना असेल तर लाळ काही मधली रेषा पाळत नाही, एका बाजूचं औषध दुसरीकडे पोचतं. आणि साखर, हृदय अशा गोष्टींसाठी तर ही पद्धत निरुपयोगीच.

अबोली_नागपूर

मी हिरड्यांच्या विभागात एमडीएस (दंतवैद्यकातलं पदव्युत्तर शिक्षण) करतेय आणि सध्या एका चाचणीत मोजमापाचं काम माझ्याकडे आहे. दौतटाक काका म्हणतात ती मोजमापातली चूक कुठून येते ते सांगते, कारण बाहेरच्या लोकांना हे काम कसं चालतं याची कल्पना नसते.

प्रोब म्हणजे मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक, बोथट टोकाची सळी. प्रत्येक दाताभोवती सहा जागी ती हलकेच सरकवायची, तीन गालाच्या बाजूने, तीन जिभेच्या बाजूने. अठ्ठावीस दात असतील तर १६८ आकडे. मी वाकून "तीन, दोन, चार, रक्त" असं सांगत जाते आणि माझी ज्युनिअर लिहीत जाते. जोर जास्त लागला की प्रोब सुजलेल्या हिरडीत रुततो आणि चारचे पाच होतात. मागच्या दाढांशी गाल ओढून धरावा लागतो, रुग्ण दमतो, आपलीही मान अवघडते, आणि नेमक्या तिथल्याच जागा सर्वांत महत्त्वाच्या असतात.

म्हणून चाचणी सुरू होण्याआधी 'कॅलिब्रेशन' होतं. त्याच रुग्णाचं तोंड मी थोड्या वेळाने पुन्हा मोजायचं, पहिले आकडे न बघता. दोन्ही वेळचे आकडे एका मिलिमीटरच्या आत जुळायला हवेत. जुळले नाहीत तर पुन्हा सराव. आणि कोणाला कुठला उपचार मिळालाय हे मोजणाऱ्याला कळू द्यायचं नाही. आमच्याकडे उपचार एक जण करतो, मोजते मी, आणि गटाची चिठ्ठी बंद पाकिटात तिसऱ्याकडे.

सगळ्यात अवघड मात्र हे काहीच नाही. सगळ्यात अवघड आहे माणसं परत येणं. सफाई झाली, रक्त थांबलं, तोंडाचा वास गेला की रुग्णाला वाटतं झालं काम. तीन महिन्यांनी फोन केला की सोयाबीनची काढणी सुरू असते, एक दिवसाची मजुरी बुडवून एसटीने येणं त्यांना परवडत नाही, आणि ते बरोबरच आहे. जे येत नाहीत त्यांचे आकडे कोरे राहतात. पुढे प्रबंधात 'लॉस टू फॉलो-अप' एवढीच ओळ जाते. माझ्या मते येण्याजाण्याचं भाडं आणि बुडालेली मजुरी धरल्याशिवाय अशा चाचणीचं बजेट मंजूरच होऊ नये.

दौतटाक

@अबोली, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. न आलेले रुग्ण बरे झाल्यामुळे आले नाहीत की बिघडल्यामुळे, यावर अख्खा निष्कर्ष फिरू शकतो.

वाटसरू_सातारा

आमच्या आजीने आयुष्यभर मशेरी लावली. गावात अजूनही कित्येक बायका सकाळी तव्यावर तंबाखू भाजून पूड करतात आणि बोटाने दात घासतात. दात दुखायचा थांबतो, हिरडी घट्ट होते असं त्यांना वाटतं. यावर काय सांगायचं?

पारिजात

@वाटसरू, निकोटीनने थोडा वेळ बधिर वाटतं, म्हणून आराम पडल्याचा भास होतो, आणि मग मशेरीशिवाय सकाळ सुरू होत नाही. ती घासली जाते तिथली हिरडी खाली सरकते, दाताचं मूळ उघडं पडतं. तोंडाच्या कर्करोगाचा धोका आहेच. अशा बायकांना रागावून काही होत नाही. मी आधी आरशात उघडं पडलेलं मूळ दाखवते, मग मशेरी कमी करण्याबद्दल बोलते.

खडीसाखर

एवढे महागडे अभ्यास कशाला? खोबरेल तेलाच्या गुळण्या, बाभळीची काडी, मीठ-हळद. आपल्या पूर्वजांचे दात शेवटपर्यंत टिकायचे.

नीरफणस

@खडीसाखर, याच प्रश्नाचं उत्तर देणारा एक अभ्यास श्रीलंकेत झालाय, आणि माझ्या मते हिरड्यांच्या संशोधनातला तो सर्वांत मोलाचा आहे.

हाराल्ड लोए हे नॉर्वेचे संशोधक. १९६५ मध्ये डेन्मार्कमधल्या ऑर्हुस इथे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत एकूण एक जणाच्या हिरड्या सुजल्या. ब्रश पुन्हा सुरू केला, साधारण आठवड्याभरात सूज गेली. दातावर साठणारा जंतूंचा थर हेच हिरडीच्या सुजेचं कारण, हे त्या छोट्या प्रयोगाने पक्कं केलं. टूथपेस्ट आणि माउथवॉश तपासायला आजही हाच साचा वापरतात.

पण साधी सूज असलेल्या प्रत्येकाचं पुढे हाड झिजतं का? ते पाहायला लोए आणि सहकाऱ्यांनी १९७० मध्ये श्रीलंकेच्या चहामळ्यांतले ४८० मजूर घेतले, वय १४ ते ३१. ब्रश ठाऊक नाही, दातांचा डॉक्टर पाहिलेला नाही. १९८५ पर्यंत ठरावीक वर्षांनी जाऊन तोंडं मोजली. सगळ्यांच्या दातांवर थर, सगळ्यांच्या हिरड्या सुजलेल्या, पण दात किडलेले जवळजवळ नाहीतच. आणि तरी ११ टक्के लोकांचा आजार हिरडीच्या सुजेपुढे गेला नाही, ८१ टक्क्यांचा मध्यम गतीने वाढला, ८ टक्क्यांचा झपाट्याने. पस्तिशीला पहिल्या गटात दाताचा आधार एक मिलिमीटरही सुटलेला नव्हता, झपाट्याच्या गटात सरासरी ९ मिलिमीटर सुटला होता.

म्हणजे 'पूर्वजांचे दात शेवटपर्यंत टिकायचे' हे त्या ११ टक्क्यांकडे पाहिलं तर खरं. आठवणीत तेच राहतात. बाकीच्यांचे दात पडले, ते कोणी सांगत नाही. आणि माणसामाणसांत इतका फरक का, या प्रश्नानेच पुढे संशोधनाची दिशा जंतूंवरून शरीराच्या प्रतिसादाकडे वळवली. थर हवाच, पण हाड झिजवतो तो त्या थरावर चवताळलेला आपलाच प्रतिकार.

अबोली_नागपूर

नीरफणस, अभ्यास आम्हीही पाठ करतो, पण मला तो वाचताना दर वेळी टोचतं. पंधरा वर्षं आजार वाढताना पाहिला. झपाट्याच्या गटातले लोक दात गमावत होते आणि आपण मोजत होतो. त्या मळ्यांवर दातांच्या उपचारांची सोय नव्हती, म्हणून तर ते 'नैसर्गिक' निरीक्षण ठरलं. आज आमच्या एथिक्स कमिटीपुढे असा प्रस्ताव ठेवला तर पहिल्या पानावरच परत येईल, आणि यायलाच हवा.

नीरफणस

@अबोली, पूर्ण मान्य. त्या आकड्यांशिवाय आजाराची नैसर्गिक चाल आपल्याला कळली नसती, आणि ती किंमत मोजली मळ्यातल्या गरीब मजुरांनी. पुस्तकात आकड्यांच्या शेजारी हेही छापलं जावं असं मला वाटतं.

तुलनेला स्वीडनचं कार्लस्टाड घ्या. १९७२ मध्ये ॲक्सेलसन आणि लिंडे यांनी अभ्यास सुरू केला, ३७५ जणांना नियमित देखभाल, १८० जण नियंत्रण गटात. सहा वर्षांनी फरक इतका ठळक होता की नियंत्रण गट तसाच ठेवणं योग्य नाही म्हणून तो बंद केला. देखभालीचा गट ३० वर्षं चालला. वयोगटानुसार सरासरी ०.४ ते १.८ दात गेले, तेही मुख्यतः मूळ तडकल्यामुळे. किडीने किंवा हिरड्यांच्या आजाराने गेलेले दात सगळ्या गटात मिळून फक्त २१.

पारिजात

@खडीसाखर, तेलाच्या गुळण्यांवर लहान अभ्यास झालेत, हिरडीच्या वरच्या सुजेत थोडा फायदा दिसतो. करायच्या तर करा, ब्रश करून. पण पाच-सहा मिलिमीटर खोल पॉकेटच्या तळाशी कुठलीच गुळणी पोचत नाही, तेलाची नाही आणि आमच्या क्लोरहेक्सिडिनचीही नाही. तिथलं कीटण हत्यारानेच निघतं.

शेवंता

माझा प्रश्न वेगळा आहे. पाचवा महिना चालू आहे, हिरड्यांतून रक्त येतं. हिरड्यांच्या आजाराने बाळ लवकर जन्मतं असं वाचलं आणि झोप उडाली.

पारिजात

@शेवंता, शांत व्हा. १९९६ मध्ये असा संबंध असल्याची शंका मांडली गेली आणि त्यावर पुष्कळ काम झालं. पण २००६ मध्ये अमेरिकेत ८२३ गरोदर स्त्रियांची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. एका गटाला एकविसाव्या आठवड्याआधी हिरड्यांचे उपचार दिले, दुसऱ्याला बाळंतपणानंतर. अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण १२.० टक्के आणि १२.८ टक्के, म्हणजे फरक नाही. उपचारांनी बाळाची वेळ बदलली नाही. पण त्याच चाचणीने एक मोलाची गोष्ट दाखवली, गरोदरपणात ही सफाई सुरक्षित आहे. गरोदरपणात हार्मोन्समुळे हिरड्या लवकर सुजतात, बऱ्याच जणींचं हे होतं. या दिवसांत जाऊन सफाई करून घ्या, गरोदर आहात हे आधी सांगा.

'दात साफ करा, हृदयविकार टळेल' हेही असंच तोलून घ्यावं. २००७ मध्ये १२० जणांच्या अभ्यासात दिसलं की सखोल सफाईनंतर पहिल्या दिवशी रक्तवाहिन्यांचं काम उलट बिघडलं आणि सहा महिन्यांनी आधीपेक्षा सुधारलं. चांगली बातमी आहे, पण रक्तवाहिनी नीट प्रसरण पावणं आणि हृदयविकाराचा झटका टळणं यात फार मोठं अंतर आहे.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला हा धागाच वाचून दाखवला. चहामळ्यातल्या मजुरांचं ऐकून ती गप्प झाली. साखरेचं तिला पटलं. एकच अडकलंय. मामाचं "दात ढिले होतात". शेजारच्या काकूंच्या दातांत सफाईनंतर खरंच फटी पडल्यात, आईने स्वतः पाहिल्यात.

पारिजात

फटी खऱ्या असतात, आईंनी बरोबर पाहिलंय. पण त्या सफाईने पडत नाहीत. आजारात हाड आधीच खाली गेलेलं असतं. वर सुजलेली हिरडी आणि दातांमध्ये दगडासारखं बसलेलं कीटण यांनी ती जागा भरलेली दिसते. कीटण निघालं, सूज उतरली की मोकळी जागा नजरेला पडते. काही दिवस थंड पाणी झोंबतं. दात थोडे जास्त हलल्यासारखेही वाटतात, कारण कीटणाने ते एकमेकांना चिकटून धरलेले असतात. हे आईंना आधीच सांगा, म्हणजे नंतर त्या दचकणार नाहीत.

साधारण तीन महिन्यांनी पुन्हा मोजमाप करून घ्या. तेव्हा पाच-सहा मिलिमीटरच्या जागा किती उरल्या आणि रक्त किती जागी येतं, हे विचारा. एचबीएवनसीही त्याच सुमारास करा. आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर स्वतःहून बंद करू नका, दोन्ही डॉक्टरांना सांगा. सफाईच्या दिवशी नाश्ता आणि साखरेची गोळी नेहमीच्या वेळी, उपाशीपोटी नेऊ नका.

कृष्णाकाठ

वडिलांना या शनिवारी नेतोय. डीप क्लीनिंगचा खर्च ऐकून जरा थबकलो होतो. सरकारी दंत महाविद्यालयात कमी खर्चात होतं का? आणि तिथे एखाद्या चाचणीत नाव घालायला सांगितलं तर घालावं का?

अबोली_नागपूर

कृष्णाकाठ, होतं, आणि नीट होतं. विद्यार्थी करतात म्हणून वेळ जास्त लागतो, पण प्रत्येक टप्पा शिक्षक तपासतात. सकाळी लवकर या, केसपेपरची रांग मोठी असते.

चाचणीत जायचं की नाही हा सर्वस्वी वडिलांचा निर्णय. नाही म्हटलं तरी नेहमीचे उपचार मिळतातच. हो म्हणणार असाल तर तीन गोष्टी विचारा. एक, चाचणी सीटीआरआयवर, म्हणजे भारताच्या चाचणी नोंदवहीत, नोंदलेली आहे का आणि तिचा नंबर काय. दोन, नियंत्रण गटात गेलो तर मला नेमकं काय मिळणार, आणि चाचणी संपल्यावर राहिलेले उपचार होणार का. तीन, पुन्हा यायच्या खेपांचं भाडं मिळतं का. संमतीपत्र मराठीत मागा, ते घेऊन बाहेरच्या बाकावर बसून सावकाश वाचा. 'कधीही, कारण न देता बाहेर पडता येईल' ही ओळ त्यात असते, ती शोधा. सही केल्यावर एक प्रत वडिलांच्या फाइलला लावून घरी न्या. शक्यतो मंगळवारी किंवा बुधवारी या, सोमवारी फार गर्दी असते.